मुलुंडच्या डोंगराचं बिल

नमस्कार. मुलुंड पूर्वेला ७२ फ्लॅटच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. परवाच्या सभेत पार्किंगचा विषय राहिला बाजूला आणि कचऱ्यावरून जुंपली. महापालिकेने २०२५ मध्ये उपविधींचा मसुदा काढला होता, त्यात कचऱ्यासाठी घरटी शुल्क सुचवलं होतं : ५० चौरस मीटरपर्यंत महिना १०० रुपये, त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत ५०० रुपये. आमचे सगळे फ्लॅट सहाशे चौरस फुटांचे, म्हणजे आम्ही ५०० वाले. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मालमत्ता कर भरतोय ना? मग पुन्हा कशाला? एक पैसा द्यायचा नाही." एका सभासदांची मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते. ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, आमच्याकडे लँडफिल टॅक्स म्हणजे कचरा गाडण्यावरचा कर असतो, त्यातून पर्यावरण राखतात, तुम्ही लोक शंभर रुपयांवरून भांडता. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण खरी ठसठस वेगळीच आहे. लग्न होऊन या भागात आले तेव्हापासून डंपिंगचा वास घेत जगले, खिडक्या लावून मुलं वाढवली. आता कचऱ्याचा तो डोंगर उपसायचा खर्चही आमच्याच डोक्यावर? सोसायटीने भूमिका तरी काय घ्यावी?

— एक सेक्रेटरी, मुलुंड पूर्व

ताई,

काकांपासून सुरुवात करू, कारण सभेत तेच पहिले उठणार. तुमची घरं सहाशे फुटांची, तेव्हा मालमत्ता कर तुम्ही भरताच. पण मुंबईत पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून हा कर माफ आहे. त्यांच्या दारातली गाडी कोणाच्या तरी पैशावर फिरतेच आहे. त्यामुळे 'आम्ही भरतोच की' हे तुमच्या इमारतीपुरतं खरं, शहरापुरतं नाही. लगेच छोट्या घरांवर बोट ठेवू नका, त्यांच्या घरात कचराही कमीच निघतो. एवढंच लक्षात घ्या की कचऱ्याचे पैसे आज कोण देतो याचं उत्तर कुणालाच धड सांगता येत नाही, कारण सगळं एकाच मोठ्या हंड्यात जातं आणि त्याच हंड्यातून निघतं. माझा आक्षेप त्या हंड्याला आहे.

आता लीड्सची मुलगी. तिचंही अर्धंच बरोबर आहे. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९९६ पासून लँडफिल टॅक्स आहे. सुरुवात टनाला ७ पाउंडांनी झाली. दगडमातीसारख्या निरुपद्रवी मालाला २ पाउंड. मग दर वर्षी चढवत चढवत नेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये तो टनाला १२६ पाउंड १५ पेन्स झाला. आपल्या पैशांत चौदा-पंधरा हजार रुपये. एक टन कचरा जमिनीत गाडायचा तर खड्ड्याच्या मालकाचं भाडं वेगळं आणि वर सरकारला हे एवढं. परिणाम असा झाला की इंग्लंडमधल्या महापालिकांचा जो बहुतेक सगळा कचरा पूर्वी गाडला जायचा, त्यातला आता दहा टक्क्यांच्या आत गाडला जातो.

पण 'त्यातून पर्यावरण राखतात' हे तिने नीट तपासलेलं नाही. हा कर सरकारी तिजोरीत जातो, पर्यावरणाच्या वेगळ्या पेटीत नाही. कर आणताना त्याच्या बदल्यात कंपन्यांना नोकरदारांच्या विम्यापोटी जो हप्ता भरावा लागे, तो थोडा कमी केला गेला होता. म्हणजे कचरा महाग करायचा आणि माणूस कामावर ठेवणं स्वस्त, असा तो हिशोब. खड्ड्याच्या मालकाला कराचा छोटासा हिस्सा, जेमतेम काही टक्के, जवळपासच्या वस्तीतली बाग, जुनी इमारत किंवा पाणथळ जागा राखण्यासाठी देता येतो आणि त्याची बहुतांश वजावट मिळते. योजना चांगली आहे, पण मुख्य पैसा तिथे नाही. त्या कराने पर्यावरण राखलं असेल तर ते पैसे वाटून नव्हे, गाडणं परवडेनासं करून. आणि बाहेर वळलेला सगळा कचरा काही पुनर्वापरात गेला नाही. पुष्कळसा भट्टीत गेला. हेही तिला विचारा.

तुमच्या ५०० रुपयांवर येण्याआधी मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगायची आहे, कारण माझं सगळं मत तिथेच बनलं.

एका महापालिकेत, नाव नको, मी कनिष्ठ अभियंता म्हणून डेपोच्या काट्यावर होतो. काटा म्हणजे गाडी तोलायचा वजनकाटा. जुलै महिना. सकाळपासून रांग लागलेली, प्रत्येक गाडीच्या फाळक्यातून काळं पाणी ठिबकत होतं. ठेकेदाराला पैसे टनावर. ताडपत्री असायची, पण कधीच बांधलेली नसायची, केबिनमागे गुंडाळून ठेवलेली. दुपारी एक गाडी आली तिचं वजन काहीच्या काही भरलं. मी गाडी खाली करायला लावली तेव्हा वरचा हातभर थर भाजीबाजाराचा आणि खाली सगळं बांधकामाचं डेब्रिज निघालं, टाइल्सच्या तुकड्यांसकट. आमचे मुकादम शेजारी छत्री धरून उभे होते. ते म्हणाले, "साहेब, निम्मं डेब्रिज आणि निम्मा पाऊस. आपण पावसाला पैसे देतोय." मी रिपोर्ट केला. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली, ती गोष्ट वेगळी.

ताई, त्या काट्यावर पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते बघा. आपल्याकडे महापालिका ठेकेदाराला टनामागे पैसे देते. वाहतुकीचे वेगळे, डेपोवर विल्हेवाटीचे वेगळे. जितका माल जास्त येईल तितकं बिल मोठं. कचरा कमी व्हावा असं त्या काट्याशी उभ्या असलेल्या कुणालाच वाटत नाही. ब्रिटनमध्ये त्याच काट्यावर गाडणाऱ्याला टनामागे पैसे भरावे लागतात. मग तिथे लबाडी होत नाही का? होते, पण उलटी. साध्या कचऱ्याच्या आणि दगडमातीच्या दरांत इतकी दरी आहे की घरगुती कचऱ्यालाच दगडमाती म्हणून नोंदवलं जातं, नाहीतर रात्री कुणाच्या शेतात ओतून देतात. म्हणून २०१८ पासून बेकायदा डंपिंगवरही तोच कर लावायला लागले. चोर दोन्हीकडे आहेत. पण आपल्याकडचा डोंगर वाढवतो आणि तिकडचा काट्यापासून पळतो, हा फरक मोठा आहे.

आता तुमचे ५०० रुपये घ्या आणि कागद-पेन्सिलही घ्या. ७२ घरांचे महिन्याला ३६ हजार, वर्षाला ४ लाख ३२ हजार. घरटी रोज दीड किलो धरू, म्हणजे दिवसाला १०८ किलो, वर्षाला साधारण साडेएकोणचाळीस टन. भागाकार केला की टनाला जवळपास अकरा हजार रुपये येतात. त्या मुलीला कळवा, तुम्ही शंभर रुपयांवरून भांडत नाही आहात. तुमचं शुल्क लीड्सच्या कराच्या तोडीला येऊन टेकतं. फरक असा की तिकडे तो दर गाडलेल्या टनावर आहे आणि तुमच्याकडे फ्लॅटच्या चौरस फुटांवर. ओला कचरा घरी जिरवणारी दोन म्हातारी माणसं आणि रोज चार डबे ऑनलाइन मागवणारं सहा जणांचं घर, दोघांनाही ५००. हे शुल्क काट्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याने महापालिकेची जमा वाढेल, कचरा एक किलोने कमी होणार नाही.

आणि आता डोंगर. मुलुंडचं डंपिंग २०१८ मध्ये बंद झालं. २४ हेक्टर जागा, अंदाजे ७० लाख टन माल, आणि तो उपसायचं कंत्राट ७३१ कोटींचं. म्हणजे टनाला साधारण १,०४५ रुपये. देवनारला १९२७ पासून टाकतायत. तिथे १ कोटी ८५ लाख टनांसाठी २०२५ मध्ये २,३६८ कोटींची निविदा निघाली, म्हणजे टनाला १,२८० रुपये. डोंगर उपसायच्या या पद्धतीला बायोमायनिंग म्हणतात, आणि ती काही जादू नाही. डोंगर थरांनी खणायचा, ढिगांचे लांब पट्टे लावून कुजवणाऱ्या जंतूंचं कल्चर फवारायचं, वाळला की ट्रॉमेलच्या फिरत्या चाळणीतून काढायचा. चाळणीखाली माती पडते, वर चिंध्या आणि प्लास्टिक राहतं. ते सिमेंटच्या भट्टीने घेतलं तर जळण, नाही घेतलं तर पुन्हा डोकेदुखी. दगड, काच, विटा वेगळ्या. सगळ्यात महाग भाग असतो तो चाळलेला माल कुठेतरी पोहोचवण्याचा.

मुलुंड-देवनारच्या या दोन दरांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. एका घराचा महिन्याचा कचरा ४५ किलो. देवनारच्या महागड्या दराने त्याची शेवटची साफसफाई होते ५८ रुपये. आणि हेही जास्तच धरलंय, कारण ताज्या कचऱ्याचा टन कुजून, वाळून पुष्कळ हलका होतो. कचरा आला त्याच दिवशी काट्यावर एवढे पैसे बाजूला काढून वेगळ्या खात्यात टाकले असते, त्या त्या काळच्या भावाने, तर आज निविदा काढताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. पण ते कुणीच केलं नाही. गाडी रिकामी झाली की हिशोब मिटला असं धरलं. उरलेलं बिल पुढच्यांच्या नावावर लिहिलं गेलं, आणि व्याज वासाच्या रूपाने तुम्ही भरलंत. देवनारच्या भिंतीलगत राहणाऱ्या गोवंडीकरांनी तर २०१६ च्या जानेवारीत आगीच्या धुरात भरलं. शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या तेव्हा.

अमेरिकेत खड्डा चालवणाऱ्याला तो बंद झाल्यानंतर ३० वर्षं देखभाल करावी लागते, आणि त्याची आर्थिक हमी खड्डा चालू असतानाच द्यावी लागते. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत बंद झाल्यानंतर किमान १५ वर्षं देखभाल लिहिली होती, पण पैसा कुठल्या खात्यातून, यावर कोणी फारसं डोकं खपवलं नाही.

तुमचा प्रश्न असा की साफसफाईचा खर्च आम्हीच का द्यायचा. न्यायाने बघितलं तर ज्याने घाण केली त्याने द्यावा, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते १९९६ मध्येच सांगितलं आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरींत रासायनिक कारखान्यांनी विष कालवलं होतं, त्या खटल्यात कारखान्यांवर खर्च बसवला. पण वसुलीचं काय झालं? कंपन्या अर्जांवर अर्ज करत राहिल्या, आणि २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा बसून ३७ कोटी ३८ लाखांवर चक्रवाढ व्याज लावावं लागलं. दोषी समोर उभा असताना ही गत. अमेरिकेने १९८० मध्ये यासाठीच सुपरफंड कायदा केला. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल या वस्तीखाली पुरलेली रसायनं तळघरांत झिरपून वर आली होती, त्यानंतर. दोषी सापडला तर त्याच्याकडून, नाही सापडला तर तेल आणि रसायन कंपन्यांवरच्या खास करातून, असा तो बेत. १९९५ च्या अखेरीस तो कर लटकला आणि भार सामान्य करदात्यावर सरकत गेला. २०२१ आणि २०२२ च्या कायद्यांनी तो पुन्हा आणावा लागला.

मुलुंडमध्ये दोषी कोण? ज्याने टाकलं तो, म्हणजे आपण सगळे, मेलेले आणि जिवंत. मलबार हिलपासून दहिसरपर्यंतचे. म्हणून शहराच्या तिजोरीतून ७३१ कोटी जाणं अन्यायाचं नाही. अन्याय हा आहे की ज्यांनी फक्त टाकलं ते आणि ज्यांनी वास घेतला ते, दोघांनी सारखंच भरायचं. महापालिकेच्या त्या मसुद्यातही डंपिंगशेजारच्या घराला पैची सूट नव्हती. ही मागणी सोसायटीने जरूर करावी, आणि जोरात करावी.

एक विनोद सांगतो, रडायचा की हसायचा ते तुम्ही ठरवा. केंद्राने २०२५ च्या जुलैत प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. त्यात जबाबदार माणूस शोधायचा, त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, हे सगळं नीट लिहिलंय. पण नगरपालिकांच्या डंपिंगची घाण त्यातून वगळली, कारण तिला वेगळे नियम आहेत म्हणे. आणि राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांडपाणी आणि कचरा मिळून महाराष्ट्राला सुमारे १२ हजार कोटींची पर्यावरण भरपाई ठोठावली, ती राज्याने भरायची असा आदेश होता. राज्य म्हणजे पुन्हा आपणच. या खिशातून त्या खिशात, वकिलांची फी वगळून.

नवे घनकचरा नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यांत वर्गीकरण न केलेला कचरा भरावभूमीवर, म्हणजे कचरा गाडायच्या जागेवर, नेला तर स्थानिक संस्थेला जास्त शुल्क पडावं अशी तरतूद आहे. दिशा बरोबर आहे, निदान काट्यावर तरी पैसा उलटा वाहू लागेल. पण भरावभूमी महापालिकेची आणि शुल्क भरणारीही महापालिका असली, तर कागदावर नोंद होईल आणि मुकादमांची छत्री तिथेच राहील. ते शुल्क वेगळ्या खात्यात पडलं पाहिजे, हाच मुद्दा पुन्हा येतो.

आणि जागेचं विसरू नका. देवनारची १२४ एकर धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं, आणि तिथला कचरा उपसायची निविदा मात्र महापालिकेची. मुंबईत साफ झालेला एकर म्हणजे काय चीज आहे हे मुलुंडकरांना सांगायला नको. ज्याच्या हाती मोकळी जमीन पडते त्याने उपसण्याच्या बिलात वाटा उचलावा, हे मागायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. तुमच्या २४ हेक्टरांवर उद्या काय होणार आणि त्यातून आलेला पैसा कुठे जाणार, हे आत्ता विचारा, पत्रे ठोकले जाण्याआधी.

तर सभेत काय म्हणायचं? 'शुल्क नको' म्हणू नका, त्याने तुम्ही आणि काका एकाच बाकावर बसता आणि प्रशासन तुम्हाला चिल्लर समजतं. ठराव असा करा : शुल्क देऊ, पण ते कचऱ्याच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावं आणि त्याचा जमाखर्च दर वर्षी वॉर्डात लावावा. वजनावर किंवा निदान वर्गीकरणावर सूट असावी. त्यातला ठरलेला हिस्सा चालू भरावभूमीच्या पुढच्या साफसफाईसाठी राखून ठेवावा. आणि डंपिंगलगतच्या वस्त्यांना सवलत असावी. सोबत माहितीच्या अधिकारात एकच अर्ज टाका. गेल्या तीन वर्षांत विल्हेवाटीपोटी टनामागे किती पैसे दिले, एकूण किती टनांचे दिले, आणि भरावभूमी बंद झाल्यानंतरच्या देखभालीसाठी आज कुठल्या खात्यात किती रक्कम आहे. तिसऱ्या प्रश्नाला बहुधा गोल उत्तर येईल. तेच उत्तर झेरॉक्स काढून ठरावाला जोडा.

इमारतीचा ओला कचरा गोळा करणाऱ्या बाईंना सुक्या मालाचे पैसे मिळतात का, तेही बघा. शहराचा जो टन काट्यापर्यंत जात नाही तो बहुतेक त्यांच्या हातांनी थांबलेला असतो, आणि त्याचं बिल आजवर कोणीच कोणाला दिलेलं नाही.

आणि हो, एक काम आधी करा. माझे १०८ किलो अंदाजाचे आहेत. दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त भरलं तर नियमांनुसार तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता आणि ओल्याची सोय शक्यतो आवारातच करायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणजे १०० च्या कोणत्या बाजूला आहात ते कळणं तुमच्या फायद्याचं आहे. भंगारवाल्याकडून टांगता काटा आठवडाभर मागून घ्या. वॉचमनला सांगा, सकाळी गाडी यायच्या आधी ओला वेगळा, सुका वेगळा तोलायचा आणि वहीत लिहायचं. डबे मात्र पायऱ्यांखाली ठेवा, उघड्यावर नको. नाहीतर तुमच्याही वहीत पाऊस चढेल.